झाकणावरची दर्भाची काडी

चंद्रमतीनं आयुष्यात पुष्कळ घाण उपसली होती आणि कधी नाक मुरडलं नव्हतं. ताकात भिजलेल्या उष्ट्या पानांचा आंबूस ढीग, मन्नारगुडीच्या मंडपात मोरीतून उलटं वर आलेलं पाणी, कुंभकोणमच्या एका स्वयंपाकघरात पिंपाखाली मरून पडलेली घूस, सगळं तिनं पदर खोचून निस्तरलं होतं आणि मग आंघोळ करून देवाचं नाव घेतलं होतं. घाण ती घाण, पाण्यानं जाते, असं ती म्हणे. पण एका बोटाची मात्र तिला अशी शिसारी बसली होती, की ते नुसतं दिसलं तरी ती तोंड फिरवी. ते बोट होतं गणेशकुमारचं.

गणेशकुमार तिचा मालक. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्याचं भांड्यांचं गुदाम, दाराशी पांढरी व्हॅन आणि हाताखाली स्वयंपाक्यांची टोळी. आज तिरुवैयारू, उद्या मायावरम, परवा ओरत्तनाडु. जिथं श्राद्ध असेल तिथं आदल्या संध्याकाळी व्हॅन जाऊन लागायची, पातेली उतरायची, आणि मिळेल त्या फरशीवर चटया टाकून मंडळी निजायची. लग्नाची कामं घेणारे आचारी वेगळे, त्यांचा थाटही वेगळा, त्यांचे फोटो निघतात. ही टोळी पितरांची. हिला कुणी सणासुदीला बोलवत नाही. व्हॅनवर तमिळमध्ये टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘शंभर टक्के मडी स्वयंपाक’. मडी म्हणजे सोवळं. तंजावूरकडची आपली मराठी मंडळी सोवळ्याला मडीच म्हणतात.

श्राद्धाच्या सोवळ्याचा पहिला नेम असा, की पितरांच्या नावानं बसलेल्या ब्राह्मणांच्या पानावर पडेपर्यंत त्यातलं काही कुणी चाखायचं नाही. मीठ लागलं की नाही हे बघायला जीभ वापरायची नाही. वास घ्या, कढ बघा, हाताच्या सवयीवर भरवसा ठेवा. एकदा कुणाच्या जिभेला लागलं की ते उष्टं, आणि उष्टं पितरांना घालणं याहून मोठं पाप त्या स्वयंपाकघरात दुसरं नाही.

आणि गणेशकुमार चाखत होता.

चंद्रमतीनं ते पहिल्यांदा पाहिलं चैत्रात, तिरुवैयारूला. ती विहिरीवरून ओल्या लुगड्यानं आत आली तर हा पायसाच्या पातेल्यावर वाकलेला. बोट बुडवलं, चोखलं, मान हलवली, आणि तेच ओलं बोट पुन्हा बुडवलं. तेच बोट! एकदा चाखून त्याचं भागलं नव्हतं.

“गणेशकुमार!” ती ओरडलीच.

तो दचकला, पण क्षणभरच. मग हसला. “अक्का, हळू. काळ बदलला. पायस अगोड झालं तर लोक फोनवर पाचातला एकच तारा देतात, माहीत आहे? माझा धंदा बसतो.”

“आणि पितर?”

“पितर काय वर कॅमेरे लावून बसलेत?”

“बाळकृष्णराव असते तर तुझा हात तोडला असता.”

“बाबा असते तर टोळी केव्हाच बंद पडली असती,” तो म्हणाला आणि बोट कमरेच्या पंच्याला पुसून बाहेर यजमानासमोर हात जोडून उभा राहिला. कपाळावर गोपीचंदनाच्या ओल्या रेघा, तोंडात नारायण नारायण. चंद्रमतीला त्या दिवशी मोरीशी जाऊन ओकावं लागलं. पुढं कितीतरी दिवस पायसाचा वास आला की ती तोंडावर पदर धरायची.

मग सोडून का नाही गेली? कुणीही विचारेल. पण जायचं कुठं, हेही विचारायला हवं. तिचा नवरा भाताच्या गिरणीत कारकून होता, तो भर तारुण्यात गेला. लेक हरिणी बेंगळुरूला असते, फोनवर “ये ना अम्मा” म्हणते, आणि तेवढ्याच दमात आमचं घर किती लहान हेही सांगते. नवरा गेल्यावर सासरच्यांनी मागच्या अंगणातली एक खोली तिला दिली होती, आणि ती दिल्याचं दर सणाला बोलून दाखवत. अशात एक दिवस सीतारामराव दाराशी आले होते. टोळीचे मुख्य आचारी. किडकिडीत, कानांत केस, खांद्यावर पंचा.

“बाई, तुला भात करता येतो?” त्यांनी विचारलं होतं.

“येतो.”

“सगळ्यांस तसंच वाटतं,” ते म्हणाले होते. “चल, दाखव.”

तेव्हापासून ती त्यांच्या हाताखाली. ती त्यांना अण्णा म्हणे, ते तिला चंद्रा. त्यांनी तिला कढ ऐकायला शिकवलं, फोडणीचा वास कुठं थांबवायचा ते शिकवलं. मीठ मात्र कधी घालू दिलं नाही. मीठ मुख्य आचाऱ्यानं घालायचं, ही बाळकृष्णरावांच्या वेळची रीत. अण्णा पातेल्यापुढं उभे राहात, डोळे मिटत, तोंडातल्या तोंडात काही म्हणत आणि मुठीनं मीठ सोडत. एकदाच. पुन्हा त्या पातेल्याकडे बघायचं नाही. त्यांच्या हातचं खाऊन कुणी कधी पाणी मागितलं नाही, आणि वरून मीठही मागितलं नाही.

आणि या माणसाला टोळीबाहेर घर नव्हतं. ओरत्तनाडुला पुतण्या होता, त्यानं दार लावून घेतलं होतं. काम असेल तेव्हा अण्णा मंडपाच्या फरशीवर निजत, नसेल तेव्हा गुदामात, पातेल्यांच्या उतरंडीमागं. त्यांची पत्र्याची पेटी आणि कृष्णाची तसबीर तिथंच असे.

आता ते विसरू लागले होते. आधी नावं गेली, मग गावं. मायावरमला असताना कुंभकोणमची विहीर शोधायला निघाले. चंद्रमती हसण्यावारी नेत राहिली. पण आषाढात मन्नारगुडीला तिच्या डोळ्यांदेखत त्यांनी वरणात मीठ घातलं, हात धुतला, तुळशीला पाणी घालून आले, आणि पुन्हा त्याच पातेल्यापुढं डोळे मिटून उभे राहिले. तिनं धावत जाऊन मनगट धरलं.

“अण्णा, घातलंत.”

“घातलं?”

“आत्ताच.”

त्यांनी मूठ मिठाच्या भांड्यात परत रिकामी केली. चाखायची सोय नाही, म्हणजे आठवणीवरच सगळं. आणि आठवणच दगा देऊ लागली तर माणसानं काय करावं? गणेशकुमारला कळलं असतं तर त्यानं त्याच संध्याकाळी पेटी बाहेर ठेवली असती. तो निमित्तच शोधत होता. “म्हाताऱ्याला बसवून खाऊ घालायचे दिवस गेले अक्का,” असं तो अधूनमधून म्हणेच.

त्या रात्री चंद्रमतीनं एक युक्ती काढली. श्राद्धाच्या घरात दर्भ असतोच. अण्णांनी मीठ घातलं, की ती एका दर्भाच्या काडीला गाठ मारून त्या पातेल्याच्या झाकणावर आडवी ठेवी. काडी आहे, तर मीठ पडलं. काडी नाही, तर पडायचंय. पोरांना वाढताना गोंधळ नको म्हणून, असं तिनं सांगितलं. अण्णांनीही मान हलवली. “बरं केलंस. पोरं धांदरटच आहेत.” खरं दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघंही ते पुन्हा बोलले नाहीत. पाच महिने काडीनं अण्णांना सांभाळलं. एकदाही चूक नाही.

मग आलं अनिरुद्धरावांच्या वडिलांचं श्राद्ध.

अनिरुद्धराव मूळचे तंजावूरचेच, नोकरीनं चेन्नईला गेलेले. इथलं घर विकून झालेलं, म्हणून श्राद्ध ठरवलं राजवाड्यामागच्याच एका भाड्याच्या सभागृहात. गणेशकुमारनं सगळं एकगठ्ठा ठरवून दिलेलं: जागा, ब्राह्मण, स्वयंपाक, पिंडाचं सामान, कावळ्याचं पान. यजमानानं फक्त आंघोळ करून यायचं. त्यांची आई ताराबाई, ऐंशीच्या पुढच्या, नऊवारी नेसून दाराजवळ खुर्चीत बसल्या होत्या. पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही. परदेशातला धाकटा मुलगा फोनच्या पडद्यावर होता. तो फोन पळीपंचपात्राला टेकवून उभा केला होता, आणि श्राद्ध चाललेलं असताना तो तिकडं कॉफी पीत होता. चंद्रमतीनं ते दारातून पाहिलं आणि मान फिरवली.

“ह्यांना, मुलांच्या दादांना, केळ्याचं कूट फार आवडायचं,” ताराबाईंनी सकाळीच अण्णांना बोलावून सांगितलं होतं. कच्ची केळी, मुगाची डाळ, ओलं खोबरं आणि मिरी, असं ते कूट. “तुम्हीच करा हो सीतारामराव. तुमच्या हातचं त्यांनी खाल्लं होतं, आमच्या मुलीच्या वर्षश्राद्धाला.”

“करतो बाई. मज आठवतं,” अण्णा म्हणाले. आठवत नव्हतं. पण कूट त्यांनी मन लावून केलं. केळी हातानं चिरली, मिरी स्वतः वाटली. डोळे मिटून मीठ सोडलं. चंद्रमतीनं झाकण ठेवलं, काडीला गाठ मारली, आडवी ठेवली.

तेवढ्यात अनिरुद्धरावांची बायको भवानी दारात आली. “मामी, तुळस कुठं ठेवलीत? आचार्य मागतायत.” चंद्रमती तिला तुळस द्यायला पुढच्या खोलीत गेली. तुळस मिळाली, तर दर्भाच्या अंगठ्या, पवित्रकं, सापडेनात, ती शोधली. परत आली तेव्हा गणेशकुमार स्वयंपाकघरातून बाहेर पडत होता, तोंड मिटून, आतल्या आत काही घोळवत. बोट पंच्याला पुसत.

“पुन्हा?” ती दात चावून म्हणाली.

“काय पुन्हा? गॅस बघायला गेलो होतो.”

वाद घालायला वेळ नव्हता. बाहेरून हाका सुरू झाल्या होत्या, पानं मांडली, वाढा म्हणून. ती वड्यांच्या कढईकडे वळली. अण्णा आपल्या पातेल्यांपुढून एकेक करत फिरत होते, झाकणांवर नजर टाकत होते. मग वाढपी आले आणि पातेली उचलून घेऊन गेले.

श्राद्धाच्या पंगतीचा आणखी एक नेम आहे. पानावर बसलेल्यानं अन्नाला चांगलं म्हणायचं नाही, वाईटही म्हणायचं नाही. मुकाट्यानं जेवायचं. काही हवं-नको असेल तर हातानं खूण करायची. तोंडातून शब्द निघाला की पितर उठून जातात, असं मानतात.

तीन ब्राह्मण बसले होते. वडीलधारे ते जयतीर्थाचार्य, पोट सुटलेले, एरवी बोलायला लागले की थांबत नसत. त्यांनी कुटाचा पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे एकदम मोठे झाले. मग पाणी प्यायले. शेजारच्याकडे बघितलं. शेजारच्यानं आधीच घास घेतला होता. त्याच्या गालात तो घास तसाच होता आणि कपाळावर घाम. तिसरा सगळ्यांत तरुण, त्यानं डोळे मिटले आणि औषधासारखं गिळलं.

चंद्रमती दाराआडून बघत होती. वर्षानुवर्षं ती जेवणाऱ्यांचे चेहरे बघत आली होती. तिला शब्दांची गरज नव्हती.

“अजून वाढा, अजून वाढा!” अनिरुद्धराव भक्तीनं ओणवे झाले होते. “दादांना हे फार आवडायचं.” आचार्यांनी पानावर हात आडवा धरला. अनिरुद्धरावांना वाटलं संकोच. त्यांनी बोटांच्या फटीतून वाढलं. फोनमधून धाकटा म्हणाला, “दादांच्या आवडीचं आहे, भरपूर वाढ!” आचार्यांनी फोनकडे असं काही पाहिलं, की तो पडदा तडकला असता तर नवल नव्हतं.

चंद्रमती मागं वळली. आत चुलीशी गेली. कुटाचं पातेलं जिथं होतं तिथं खाली बघितलं. काडी नव्हती. झाकण भिंतीशी उभं होतं, त्यावरही नव्हती. मग दाराशी गणेशकुमार दिसला, हात जोडून पंगतीकडे बघत उभा. सोवळ्याचं धोतर, ओले पाय. त्याच्या डाव्या टाचेला दर्भाची एक काडी चिकटली होती. मधोमध गाठ.

तिला सगळं कळलं. यानं झाकण उचललं, काडी पडली. यानं चाखलं, झाकण ठेवलं आणि गेला. मागून अण्णा आले, झाकणावर काडी दिसली नाही, आणि त्यांनी डोळे मिटून पुन्हा मूठ सोडली.

जेवणं झाली. अनिरुद्धरावांनी हात जोडून विचारलं, “तृप्ताः स्थ?” झालं का समाधान? तिन्ही ब्राह्मणांनी, ओठ पांढरेफटक पडलेले, एका सुरात उत्तर दिलं, “तृप्ताः स्मः.” झालं. ताराबाईंनी ते ऐकून डोळे पुसले.

आणि मग मागच्या नळावर आचार्यांची जीभ सुटली. तांब्यामागून तांब्या रिचवून ते म्हणाले, “अनिरुद्धराव, पानावर बोलता येत नव्हतं. आता हात धुतले, आता बोलतो. ते कूट कुणी केलं? नागपट्टणमचा समुद्र आणून ओतलाय त्यात!”

“काय?” अनिरुद्धरावांचा चेहरा उतरला. “पण तुम्ही तृप्त म्हणालात.”

“मग काय म्हणणार? अतृप्त म्हटलं तर तुमचे वडील उपाशी जातील. माझी जीभ गेली ती गेली.”

अनिरुद्धराव स्वयंपाकघराच्या दाराशी आले. गणेशकुमार मागोमाग धावला. वाढप्यानं उरलेलं कूट पुढं केलं. पंगत उठली होती, आता चाखायला हरकत नव्हती. गणेशकुमारनं घास तोंडात टाकला आणि थुंकला.

“मगाशी तर बरोबर होतं!” तो ओरडला.

कढईतलं तेल निवत होतं, त्याचा बारीक आवाज तेवढा येत होता.

“मगाशी कसं कळलं तुला?” चंद्रमतीनं विचारलं.

गणेशकुमारनं उजवा हात पंच्यात लपवला.

ती खाली वाकली, त्याच्या टाचेची काडी काढली आणि यजमानांपुढं धरली. “साहेब, मीठ पडल्याची ही खूण. मी झाकणावर ठेवली होती. यानं चोरून चाखायला झाकण उचललं, खूण पाडली, म्हणून अण्णांनी दुसऱ्यांदा घातलं. चूक मिठाची नाही. याआधी त्यात याचं बोट गेलंय. एकदा नाही, दर श्राद्धाला जातं.”

तिला वाटलं आता कडाड काहीतरी होईल. जयतीर्थाचार्य कडाडतील, यजमान पातेलं लाथाडतील. तिनं तर डोळेच मिटून घेतले होते.

अनिरुद्धरावांनी पुढच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

“हळू बोला,” ते म्हणाले. “आई बाहेर आहे.”

“पण साहेब...”

“ऐका, बाई. झालं ते झालं. उष्टं झालं म्हणजे पुन्हा सगळं करायचं का? तिथी सरणार, माझी संध्याकाळची गाडी आहे, धाकट्याला तिकडं झोपायचंय. मीठ जास्त पडलं. म्हातारा माणूस, विसरला. एवढंच झालं. आईला एवढंच सांगायचं.”

चंद्रमतीनं मागच्या नळावरच्या आचार्यांकडे पाहिलं. ते चूळ भरत होते. भरलेल्या तोंडानंच हात हलवून त्यांनी दाखवलं, मला काही ऐकू आलं नाही. मग पाणी थुंकून म्हणाले, “न कळत घडलं त्याला दोष नसतो.”

“आता तर कळलं ना?”

“मला?” आचार्य म्हणाले. “मला काही कळलेलं नाही.” आणि उपरणं झटकत पुढच्या खोलीत गेले, जिथं दानाची ताटं मांडली होती.

इतके महिने चंद्रमती त्या एका बोटाला भ्याली होती. तिला वाटे, बोट गणेशकुमारचं आहे. आता बघते तो सगळ्यांचीच बोटं त्या पातेल्यात. हा चोरून चाखतो, तो जाणून दार लावतो, आणि तिसरा शास्त्र सांगून तोंड पुसतो. उंदीर मेला तरी वास येतो म्हणून लोक शोधतात. ही घाण चंदन लावून बसली होती, कोण शोधणार?

आणि अण्णा? ते चुलीशी भिंतीला टेकून बसले होते. आपल्या उजव्या हाताकडे बघत. सगळं त्यांच्या कानावर पडलं होतं, पण त्यांच्या मनात एकच गोष्ट रुतली होती.

“मी दोनदा घातलं?” ते म्हणाले.

“अण्णा, खूण पडली होती. तुमचा दोष नाही.”

“दोनदा घातलं,” ते म्हणाले. मग भिंतीला धरून उठले, पंचा नीट केला आणि ती अडवायच्या आत बाहेर जाऊन ताराबाईंपुढं हात जोडून उभे राहिले. “बाई, कुटात मीठ फार जाहलं. माझ्या हातून जाहलं. म्हातारपण. क्षमा करा.”

अनिरुद्धरावांनी सुटकेचा श्वास सोडला तो चंद्रमतीला स्वयंपाकघरात ऐकू आला.

ताराबाई हसल्या. उपाशी, सुकलेलं, पण अगदी निर्मळ हसू. “असू द्या हो. त्यांनासुद्धा मीठ जरा पुढंच लागायचं. दर जेवणाला पानात वेगळं घ्यायचे. मी ओरडायची. आज मनासारखं जेवले म्हणायचं!”

दारात उभ्या चंद्रमतीच्या हातात ती काडी होती. एक शब्द बोलली असती तर त्या म्हातारीच्या तोंडावरचं हसू कायमचं गेलं असतं. आणि न बोलावं तर अण्णा जन्मभर विसराळू ठरणार. तिनं काडी कमरेला खोचली. देवाला डोळे आहेत, ती मनात म्हणाली. पण त्या क्षणी तिला देवाचाही जरा रागच आला होता.

व्हॅनमध्ये भांडी चढत होती तेव्हा गणेशकुमार आला. यजमान गेले होते, त्याच्या आवाजात पुन्हा धार आली होती.

“अण्णा, गुदामात फोन केलाय. तुमची पेटी बाहेर काढून ठेवतील. वाईट वाटून घेऊ नका. तुम्हीच कबूल केलंत सगळ्यांसमोर.”

अण्णा मान हलवत होते, जणू कुणी गाडीची वेळ सांगत होतं.

“आणि अक्का, तू उद्यापासून मुख्य. मीठही तूच घाल. जे बोललीस ते मी विसरलो. शनिवारी कुंभकोणम आहे.” त्यानं समेटासाठी हात पुढं केला. तोच हात.

चंद्रमतीनं त्या हाताकडे पाहिलं. नखाशी कुटाचा पिवळा कण वाळलेला होता.

“आधी हात धुऊन ये,” ती म्हणाली.

त्याला ती थट्टा वाटली. तो खरंच नळाकडे गेला. परत आला तेव्हा चंद्रमतीनं व्हॅनमधून आपला पळा आणि सोवळ्याचं लुगडं काढून घेतलं होतं आणि ती अण्णांचा हात धरून गल्लीच्या वळणावर पोहोचली होती.

“अक्का! अगं कुंभकोणम!”

तिनं मागं पाहिलं नाही. गुदामाच्या दाराशी पत्र्याची पेटी ठेवलेलीच होती, वर कृष्णाची तसबीर पालथी घातलेली. तिनं ती आधी सुलटी केली, मग पेटी उचलली.

दुसऱ्या दिवशी सासरच्यांनी अंगणातून दोनदा खाकरून विचारलं, हे कोण, किती दिवस. “माझे अण्णा,” ती म्हणाली, आणि पुढचं उत्तर दिलंच नाही. काय करायचं ते तिनं तेव्हा ठरवलंही नव्हतं. दोन-तीन जुनी घरं अजून दारावर येऊन विचारणारी होती, थोडका स्वयंपाक, एका माणसाचं श्राद्ध. बघू. आधी पोटात काही जाऊ दे.

“अण्णा, सार तुम्ही करा,” ती म्हणाली. “मी भात टाकते.”

“मी?”

“मग कोण? मला तुमच्यासारखं येत नाही.”

ते आंघोळ करून आले. मिऱ्या वाटल्या, डाळीचं पाणी घेतलं, फोडणी दिली. वास अगदी पूर्वीसारखा उठला, अंगणातल्या लोकांचंही खाकरणं थांबलं. ती भाताकडे तोंड करून बसली होती, मुद्दामच. माणूस पातेल्यापुढं डोळे मिटून उभा असेल तर त्याच्याकडे बघू नये. बराच वेळ काही आवाज नव्हता. मग झाकण ठेवल्याचा आवाज आला. तिनं वळून पाहिलं तर झाकणावर दर्भाची काडी, मधोमध गाठ. कालचीच. त्यांनी ती तिच्या कोनाड्यातून शोधून घेतली होती.

तिनं देवाला नैवेद्य दाखवला. पानं घेतली. अण्णांनी तिला वाढलं आणि स्वतः जेवायला न बसता समोर उभे राहिले.

“बसा ना.”

“तू आधी घे.”

तिनं भातात सार कालवलं, घास घेतला.

सार अळणी होतं. कमी मीठ नव्हे. मिठाचा कणसुद्धा नव्हता. पातेल्यापुढं इतका वेळ उभं राहून ती मूठ उघडलीच नव्हती. ज्या हातानं कितीतरी घरांच्या पितरांना न चाखता जेवू घातलं, तो हात आता भ्याला होता.

ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. जशी ती पंगतीतले चेहरे बघत आली होती, तसेच.

चंद्रमतीनं घास गिळला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. तोंडावर काही उमटू दिलं नाही. डोळ्यांपुढं मात्र आलं ते धुतलेलं, ओलं, पुढं केलेलं बोट. त्या बोटानं मीठ बिघडवलं नव्हतं. त्यानं हा हात उष्टावला होता.

“वाढू?” अण्णांनी हळूच विचारलं.

तिनं तोंडानं काही म्हटलं नाही. पान पुढं सारलं आणि हातानं खूण केली, वाढा.